पूजा झालेली कार्ब्युरेटरं

माझ्या तोंडून घरात 'स्वयंपाक' हा शब्द जितका निघाला नसेल तितका 'कार्ब्युरेटर' निघाला, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. सांगू देत. स्वयंपाक तेही उत्तम करतात, त्यामुळं त्यात माझी काही अडचण झालेली नाही.

माझं हुबळीच्या कमरीपेठेत नट-बोल्टचं दुकान आहे. मूळ आम्ही मिरजेकडचे. आजोबा हुबळीला आले आणि गल्ल्यावर कन्नड, घरात मराठी अशी आमची वाटणी झाली. वडलांनी ऐन भरात असताना गोव्याकडच्या एका खाणीवरच्या साहेबाकडून एक इंग्रजी स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटांची, बिनछपराची, हिरवी. घेतली म्हणजे ट्रकातून उतरवून घेतली, कारण चालायच्या स्थितीत ती नव्हतीच. आई म्हणायची, 'एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या.' वडील गेल्यावर भावाला दुकानही नको होतं आणि गाडीही नको होती. मला दोन्ही हवी होती. सासरचे लोक काही दिवस गप्प होते, मग त्यांनीही नाद सोडला.

ह्या गाडीची गंमत अशी की तिच्या इंजिनाचं गोत्र आपल्या जुन्या अँबॅसिडरचं. त्यामुळं इंजिनाच्या पोटातलं पुष्कळ सामान जुन्या टॅक्सीवाल्यांच्या अडगळीत सापडतं. घोडं अडतं ते वरच्या नखऱ्याच्या वस्तूंपाशी. दरवाज्याची मूठ, पुढच्या काचेची चौकट, जुळी कार्ब्युरेटरं. ह्या वस्तू बाजारात मिळत नाहीत. त्या फक्त आमच्यासारख्या येड्यांकडं असतात.

असे येडे बेळगाव, कोल्हापूर, गोवा धरून बरेच निघाले. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी आम्ही हुबळीत जमायचो, समोर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी, आणि टेबलाखाली प्रत्येकाची पिशवी. पहिल्यापासून एक नियम पाळला: पैसा मध्ये आणायचा नाही. वस्तूला वस्तू. तुझा हॉर्न दे, माझी वायपरची मोटर घे. पैशानं सौदा झाला की माणूस घरी जाऊन झोपतो. वस्तूनं झाला की दोघंही आठवडाभर आपण फसलो म्हणून कुढत बसतात आणि पुढच्या खेपेला हमखास येतात. बेळगावच्या एका दातांच्या डॉक्टरनं हेडलाइटची जोडी देऊन माझ्याकडून एक स्टेअरिंग नेलं आणि नंतर तीन महिने माझ्याशी बोलला नाही. मला काय, दिवे छान लागले.

ह्या मंडळींत माझी खरी झटापट होती ती धारवाडच्या अण्णांशी. अण्णा कॉलेजात भूगोल शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी माझ्यासारखीच गाडी घेतली, फक्त लाल. तीही मोडकी. वहिनी गेल्यापासून माळमड्डीतल्या घरात ते आणि शेडमधली ती गाडी, एवढेच राहत होते. मला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. पण बहिणीला देतात तसं काही द्यायची वेळ आली की हात आखडायचा.

तर भानगड अशी. माझ्याकडं जुळ्या कार्ब्युरेटरांच्या दोन जोड्या होत्या. वडलांनी एक जादा मिळवून ठेवली होती. अण्णांकडं एकही नव्हती, आणि त्यावाचून त्यांचं इंजिन श्वासच घेत नव्हतं. उलट, पुढच्या काचेची चौकट अण्णांच्या गाडीवर बसवलेली होती, अस्सल, काचेसकट, आणि माझ्याकडं तिच्या जागी नुसती दोन भोकं. सरळ सौदा आहे ना? कुठलं काय. अण्णा म्हणायचे, काच देतो, चौकट नाही. मी म्हणायचे, मग मीही एकच कार्ब्युरेटर देते, अर्ध्या इंजिनावर फिरा. अण्णा म्हणायचे, 'तंगी, तू कोर्टात पाहिजे होतीस.' मी म्हणायचे, तुम्ही पिंजऱ्यात. वर्षंच्या वर्षं हे चाललं होतं, आणि खरं सांगते, दोघांनाही त्यात मजा येत होती. गाड्या काय, उभ्या होत्या त्या उभ्याच.

मग एका रविवारी अण्णांनी गिरमिटची प्लेट बाजूला सारली. अण्णा गिरमिट टाकत नाहीत, म्हणून मी वर बघितलं.

'मुलगी येणार आहे,' ते म्हणाले. 'दिवाळी झाली की मला घेऊन जाणार. मेलबर्न. व्हिसा आला.'

'किती दिवस?'

'दिवस काय, तंगी. घरसुद्धा विकायचं ठरलंय.'

मला इतका राग आला की काय सांगू. कुणावर, ते कळेना. मुलगी चांगली आहे, एकुलती एक आहे, बापाचे गुडघे गेलेले, घरात पडले तर बघायला कुणी नाही. तिचं काय चुकलं? तरी मी भजीवाल्यावर तेल जुनं आहे म्हणून उगाच डाफरले.

अण्णांनी ते संपू दिलं आणि म्हणाले, 'मी ती गाडी आजवर एक फर्लांगसुद्धा चालवलेली नाही. जायच्या आधी एकदा. धारवाड ते हुबळी आणि परत. माझ्या हातानं. मग तिचं काय करायचं ते करा.' पुढं कन्नडमध्ये हळूच म्हणाले, 'इष्ट साकु.' एवढं पुरे.

घरी आले, कपाटावरचा डबा उतरवला आणि जादा जोडी काढली. चार दिवस दुकान ह्यांच्या गळ्यात घालून ती खोलून, पेट्रोलनं धुऊन, ब्रशनं घासून, जुळवून ठेवली. ह्या कार्ब्युरेटरचा स्वभाव नाजूक. आत एक पितळी दांडा हवेच्या ओढीनं वर-खाली सरकतो. त्यात कस्पट जरी गेलं तरी तो अडकतो आणि गाडी रुसते. मी ती अशी जुळवली होती की फुंकर मारली तरी दांडा हलत होता. कागदात गुंडाळून दुकानातल्या टेबलावर ठेवली आणि नवरात्रातल्या गिऱ्हाइकांच्या मागं लागले.

खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पुजायची, ही आमची पद्धत. पाने, हातोड्या, तराजू, ड्रिल मशीन, सगळं चौरंगावर. पूजा ह्यांच्याकडं असते, कारण माझी पूजा ह्यांना पटत नाही. मी म्हणे उरकते. हे बँकेतून रिटायर झाल्यापासून देव सुखी आहेत. त्या दिवशी मी घरी पुरणाकडं बघत होते. ह्यांनी हौसेनं कार्ब्युरेटरंही कागदातून काढून मधोमध मांडली, आणि त्या दोन्ही नळ्या तोंड वर करून अशा बसल्या होत्या, म्हणे, की जणू प्रसादच मागत होत्या. मी आले तेव्हा हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल, सगळं यथासांग झालेलं होतं.

एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही, आणि कुंकू तर पुसायचंच नाही. दसऱ्याला संध्याकाळी धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी बन्नी द्यायला जायचं. बन्नी म्हणजे शमीची पानं, आमच्याकडचं सोनं. तेव्हा मी पानं आणि कार्ब्युरेटरं एकाच पिशवीत घातली आणि धारवाडला गेले.

अण्णांच्या हातात पानं दिली, वाकून नमस्कार केला. 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण,' ते म्हणाले. बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या, असं इथं सगळेच म्हणतात. मग मी पिशवीतून दुसरी वस्तू काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, हेही घ्या, आणि आता कोर्ट बंद.

अण्णांनी कुंकवाला धक्का न लावता ती हातात घेतली. मग उठले, गुडघ्यावर हात ठेवत शेडमध्ये गेले आणि पाना घेऊन काचेची चौकट सोडवायला लागले.

'अहो, काय करताय? राहू दे. तुम्हाला त्यातून बघून चालवायचंय.'

'वस्तूला वस्तू,' अण्णा म्हणाले. 'काच नसली तर वारा लागेल. वाऱ्यानं काय होतं?'

मी पुष्कळ भांडले. पण नियम आम्हीच केलेला, आणि मास्तर माणसाला त्याच्याच नियमातून बाहेर काढणं मला काय जमणार. चौकट माझ्या मांडीवर आली. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती वस्तू मिळाली, आणि परतीच्या वाटेवर मला ती धड बघवली पण नाही.

आता ह्या सगळ्यात मेख कुठं होती ते बघा. आम्ही दोघं अशी माणसं, की दुसऱ्याकडून साधा वायसर आला तरी पेट्रोलात बुचकळल्याशिवाय लावत नाही. पण त्या कार्ब्युरेटरांवर कुंकू होतं. मी देताना उघडली नाहीत, कारण पूजेची वस्तू. अण्णांनी लावताना उघडली नाहीत, कारण पूजेची वस्तू, शिवाय तंगीनं धुऊन दिलेली. बाहेरचं कुंकूसुद्धा तसंच ठेवून त्यांनी ती इंजिनावर चढवली. अंगणात गाडी सुरू झाली तेव्हा शेजारपाजारची माणसं गॅलरीत आली. हळू चालीवर ती नुसती गुरगुरत होती, आणि अण्णांच्या चेहऱ्याकडं बघून मला दुसरं काही तपासायचं सुचलं नाही.

मुलगी आली. तिनं शेडमधली ती बिनकाचेची गाडी बघितली, बापाचे गुडघे बघितले, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, 'आत्या, अप्पांना वाटेत काही झालं तर? मी इतक्या लांबून त्यांना सांभाळायला न्यायला आलेय.' ती मला आत्या म्हणते. मी म्हटलं, मी शेजारी बसते, क्लच जड वाटला की मी घेते, आमचे हे मागून गाडी घेऊन येतात, तू त्यात बस. ती म्हणाली, 'ते तुम्हाला घेऊ देतील?' उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी निघालो. अण्णांनी कानटोपी घातली, तिच्यावर मोटरसायकलवाल्यांचा गॉगल, गळ्यात मफलर. मी ओढणी डोक्यावरून बांधून घेतली. कोर्ट सर्कलपर्यंत मंडळी आम्हाला बघून हसत होती. त्यानंतर आम्हीच हसायला लागलो. वारा तोंडावर असा येत होता की बोललेलं मागं जात होतं. अण्णा गिअर बदलताना ओठ आवळायचे, पण पाय बरोबर पडत होता. माझा जीव मात्र त्या डाव्या गुडघ्यात अडकलेला.

नवलूर आलं. रस्ता मोकळा मिळाला म्हणून अण्णांनी पाय जरा दाबला, आणि गाडीनं एक उचकी दिली, मग दुसरी, आणि रस्त्याकडेला पेरूच्या टोपल्यांपाशी जाऊन गप्प झाली. पुन्हा सुरू केली. सुरू व्हायची, पण पाय दाबला की मरायची.

अण्णांनी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. 'झालं,' एवढंच म्हणाले. मागून मुलगी धावत आली. 'अप्पा, बस झालं. उतरा. आपण आपल्या गाडीतून जाऊ हुबळीला.' त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ खाली उतरले आणि बॉनेट उघडलं, नाहीतर तिथंच रडले असते.

पहिल्या कार्ब्युरेटरचं झाकण काढलं. आतला दांडा वर अडकून बसलेला. ओढून काढला तर लालभडक. बोटाला लागलं ते तेल नव्हतं, कुंकू होतं. खाली हळद. आणि तळाशी दोन-तीन अक्षता, अगदी नीट, न मोडलेल्या.

मी सावकाश मान वळवून आमच्या ह्यांच्याकडं बघितलं.

'तोंडं उघडी होती,' हे म्हणाले. 'मला वाटलं, देवापर्यंत पोचायला पाहिजे.'

'पोचलंय. अगदी पोटात पोचलंय.'

'नुसतं बाहेरून कुंकू लावून कसं चालेल? तूच म्हणतेस ना, ह्याचं सगळं आत असतं.'

मी आणखी काही बोलले असते, पण गाडीत बसल्या जागी अण्णा हसायला लागले होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. गॉगल वर सारून डोळे पुसत होते. त्यांचं बघून मुलगी हसली. आल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली. पेरूवाली अक्का काय झालं विचारायला आली, तिला मुलीनं कन्नडमध्ये सगळं सांगितलं, तर ती ह्यांच्या बाजूनं. 'तप्पेनु, यजमानरु पूजा माड्यार,' म्हणाली. पूजाच केली ना, त्यात चुकलं काय. ह्यांना जोर चढला. त्यांनी तिच्याकडून किलोभर पेरू घेतले.

बाटलीभर पेट्रोल होतं. ओढणीचं टोक बुडवून दोन्ही दांडे पुसले, नळ्या पुसल्या, अक्षता चिमटीनं काढल्या. त्या टाकायच्या कुठं, म्हणून ह्यांनी रुमालात बांधून घेतल्या. ओढणी कायमची लाल झाली. झाकणं बसवली, फुंकर मारून बघितलं, दांडे हलले. 'आता द्या पाय,' मी म्हटलं, आणि अण्णांनी दिला. ह्या खेपेला गाडीनं असा आवाज काढला की पेरूवाल्या अक्कानं कानावर हात ठेवले.

उणकल तळ्यापाशी अण्णा गाणं म्हणत होते. मला ऐकू येत नव्हतं, ओठ दिसत होते. कोप्पीकर रोडवर चहाला थांबायचं ठरलं होतं. थांबलो, पण अण्णांनी इंजिन बंद केलं नाही. चहा गाडीतच मागवला. कप हातात, पाय ब्रेकवर, इंजिन चालू. पोलीस येऊन म्हणाला, सर, मध्ये उभी करू नका. अण्णा म्हणाले, 'उभी कुठं आहे, चाललीय की.' तो गाडीभोवती एक फेरी मारून, फोटो काढून गेला.

'अण्णा, बंद करा जरा. तापेल,' मी म्हटलं.

'नको.'

'सुरू होईल हो परत. मी आहे ना.'

'ते नाही, तंगी,' अण्णा म्हणाले. 'मी बंद केली की संपलं.'

मी उतरले, मागच्या गाडीपाशी गेले आणि मुलीला म्हटलं, परतीला तू बस बापाशेजारी. ती केस उडतील म्हणाली. मी माझी लाल ओढणी काढून तिच्या डोक्याला बांधली. मग मी आणि हे मागून, पेरू खात.

मागून सगळं दिसत होतं. कानटोपी आणि लाल ओढणी, दोन डोकी. पहिल्यांदा दूर दूर, मग नवनगरपाशी मुलगी काही विचारायला वाकली, अण्णांनी हात करून काहीतरी दाखवलं, आणि नंतर ती डोकी लांब गेली नाहीत. मी रडत होते आणि हे एका हातानं मला पेरूची फोड देत होते, अक्कानं मीठ लावून दिलेली. इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडले तो चालला होता, आणि आता रविवारी भांडायचं कुणाशी, हा प्रश्न मला तिथं, त्या गाडीत, पहिल्यांदा खरोखर पडला.

माळमड्डीत अण्णांचं घर आलं. फाटक सताड उघडं. लाल गाडी हळू झाली आणि फाटकासमोरून पुढं गेली. आम्ही मागं. कोपऱ्यावरून वळली, मागच्या गल्लीतून आली, पुन्हा फाटक, पुन्हा पुढं. शेजारी बाहेर येऊन बसले. कुणी खुर्च्या आणल्या. हे म्हणाले, 'घर विसरले की काय?' मी म्हटलं, तुम्ही गप्प चालवा. मुलगी एकदाही उतरा म्हणाली नाही. प्रत्येक फेरीला ती आम्हाला हात करत होती.

टाकीच्या गळतीला नुकताच डाग दिलेला, म्हणून पेट्रोल बेतानंच घातलं होतं. किती फेऱ्या झाल्या कोण मोजतंय. शेवटी फाटकाच्या थोडं अलीकडं इंजिन फुरफुरलं आणि थांबलं. गल्ली एकदम शांत झाली. आम्ही धावत गेलो. अण्णांनी गॉगल काढला, दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते, आणि किल्लीही होती तशीच चालूवर.

'मी बंद नाही केली हं,' ते लेकीला सांगत होते. 'आपणहून थांबली.'

'हौदु, अप्पा,' ती म्हणाली. 'हो, मी बघितलं ना.'

आम्ही त्यांना उतरवलं नाही. स्टेअरिंग त्यांच्याच हातात ठेवून, शेजारीपाजारी, हे आणि मी, सगळ्यांनी मिळून गाडी शेडपर्यंत ढकलत नेली.